गौरी कुणाकडं होती

अंगदराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. स्क्रीनवर ज्योतीताईंचं नाव दिसलं आणि मी फोन कट केला. ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करतो’ हा तयार मेसेज असतो, तो आपोआप गेला. दोन मिनिटांनी पुन्हा फोन, पुन्हा कट. तिसऱ्यांदा माझी बायको सीमा आतल्या खोलीतून आली आणि तिनं माझ्या कानावरचा हेडफोनच ओढून काढला. ज्योतीताई ही सीमाची थोरली बहीण, आणि अंगदराव तिचे यजमान, म्हणजे माझे साडू. पहिली शिफ्ट करून ते कुरुळीला घरी आले, शर्ट काढून खुंटीला लावला, पाणी मागितलं, आणि ज्योतीताई तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत भिंतीला टेकून बसले होते ते तसेच. वय सत्तेचाळीस. दवाखान्यात नेलं, पण न्यायचं म्हणून नेलं. वाकडहून कुरुळीला पोचायला आम्हाला दीड तास लागला, मोशीच्या पुढे रोज जे होतं ते झालंच होतं. आणि त्या दीड तासात गाडी थांबली की मी काय करत होतो? मीटिंग अर्धवट सोडल्याबद्दल मॅनेजरला सॉरी टाइप करत होतो. हे सांगायची काही गरज नव्हती, कळतंय मला. पण मी हा लेख लिहायला बसलोय तो अशाच, सांगायची गरज नसलेल्या गोष्टी सांगायला.

सव्वा महिना झाला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. लॅपटॉप उघडतो, उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. लिफ्टनं खाली जातो, पार्किंगमध्ये स्कूटर चालू करतो आणि कुठं जायचं ते न सुचल्यामुळं बंद करून वर येतो. सोसायटीचा वॉचमन परवा विचारत होता, साहेब काही हरवलंय का. सीमा म्हणायची, तुला झालंय तरी काय, माझ्या बहिणीचा नवरा गेलाय, मी जेवतेय-खातेय, आणि तू येरझाऱ्या घालतोयस. तिला काय सांगणार होतो... तिलाही नऊ वर्षं काही सांगितलेलं नव्हतं. या परिच्छेदापर्यंत यायला मी चार वेळा उठलोय.

अंगदराव मूळचे बीडकडचे. आयटीआय करून चाकणला आले, महाळुंग्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला लागले आणि शिफ्ट सुपरवायझर झाले. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट दाबून काढायचे, ते काम. दिवसभर त्या दणदणाटात राहून त्यांचा आवाज कायमचा मोठा झाला होता. घरात मीठ मागितलं तरी शेजारी दार उघडायचे. आमचं लग्न ठरलं तेव्हा मला ते जरा... कसं सांगू, मला वाटलं, यांच्याशी बोलायचं तरी काय? मी संगणकवाला, वाकडला बाराव्या मजल्यावर फ्लॅट बुक केलेला, इंग्रजीत भांडणारा. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं की नितीनराव, तुमी दिवसभर बसून नक्की काय करता, आणि मी पाच मिनिटं समजावून सांगितल्यावर म्हणाले, म्हंजे शेवटी तुमाला पण वरून कुणी तरी विचारतंच ना, झालं का म्हणून. मग काय, आपण एकच. त्या दिवसापासून माझा अंगदरावांवर जीव जडला. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. साडू लोक एकमेकांना असलं काही सांगत नाहीत, एकमेकांची टिंगल करतात.

चाकण पट्ट्याचा रविवार गुरुवारी असतो. बाहेरच्या वाचकांना हे ठाऊक नसेल, पण आमच्याकडं कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. तेव्हा अंगदरावांच्या घरचे सगळे कार्यक्रम गुरुवारी. केस कापणं गुरुवारी, मटण गुरुवारी, भांडण गुरुवारी. आणि शिफ्ट बदलायच्या आठवड्यात एक गंमत व्हायची. बुधवारी दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटली की मधला गुरुवार सुट्टीचा, आणि पुढची हजेरी एकदम शुक्रवारी रात्री, तिसऱ्या शिफ्टला. म्हणजे दोन दिवस सलग मोकळे. हे दोन दिवस अंगदराव रानात घालवायचे. आधी कंपनीतल्या दोस्तांबरोबर, आणि पोरं चालायला लागल्यावर आमच्या दोन्ही कुटुंबांना घेऊन. त्यांची गौरी, माझा ईशान, आम्ही चौघं. पोरांच्या शाळा बुडायच्या. सीमाची शाळेत नोकरी, ती रजा टाकायची. आणि मी? मी रजा टाकायचो नाही. ‘घरून काम करतोय’ असं कळवायचो आणि डोंगरावर जायचो. माझ्या मॅनेजरला नऊ वर्षांनी हे वाचायला मिळतंय, तर मिळू दे.

राजगुरुनगर सोडून पश्चिमेला दीड-दोन तास गेलं की रान दाट होत जातं. तिथल्या एका वाडीत अंगदरावांच्या ओळखीचं एक घर होतं. बुधवारी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर मुक्काम, गुरुवारी सकाळी सामान पाठीवर टाकून वर चालायचं, देवराईतल्या देवळात रात्र काढायची आणि शुक्रवारी दुपारपर्यंत खाली. मी वाकडच्या मॉलमधून घेतलेले बूट घालायचो, ते प्रत्येक ट्रिपला कुठं तरी उसवायचे. अंगदराव कंपनीचे सेफ्टी शूज घालून चालायचे, लोखंडी टोकाचे, आणि वाटेत दगडाला मुद्दाम ठोकर मारून पोरांना हसवायचे. ईशानला झाडाला कान लावायला त्यांनी शिकवलं. काय ऐकू येतं विचारलं तर ईशान म्हणाला, काहीच नाही. अंगदराव म्हणाले, तेच तर ऐकायला आलोत आपण.

पोरांच्या बाबतीत मात्र त्यांचा एक कायदा होता आणि तो कडक होता. कारखान्यात शिफ्ट बदलते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला मशीनपाशी उभा राहून ताबा देतो. नुसतं ‘चाललो’ म्हणून जाता येत नाही. येणाऱ्यानं बघायचं आणि म्हणायचं, घेतलं. तो म्हणेपर्यंत मशीन जुन्याच्या नावावर, म्हटलं की नव्याच्या. रानात त्यांनी हाच नियम लावला. कुणाला झाडामागं जायचं असेल, बुटाची नाडी बांधायची असेल, तर आधी जवळचं पोर दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं, आणि दुसऱ्यानं तोंडानं म्हणायचं, घेतली किंवा घेतला. पोरांनाही धडा होता. आपलं माणूस दिसेनासं झालं तर जागा सोडायची नाही, रिलीव्हर, म्हणजे ताबा घेणारा पुढचा माणूस, येईपर्यंत तिथंच बसून राहायचं. आम्हाला याची भारी मजा वाटायची. सीमा आणि ज्योतीताई घरी गॅसवरचं दूध सुद्धा एकमेकींना ‘घेतलं’ म्हणून द्यायच्या. चार ट्रिपा अशा झाल्या. मला वाटतं माझ्या आयुष्यात मी त्याहून सुखी कधीच नव्हतो.

पाचवी ट्रिप. गौरी सात वर्षांची, ईशान आठचा. गुरुवारी सकाळी वाडीतून निघालो. सीमा आणि ज्योतीताई गप्पा मारत पुढे, मधे मी आणि ईशान, सगळ्यात मागं अंगदराव आणि गौरी, कारण गौरी प्रत्येक किड्याची चौकशी करत चालायची. बाराच्या सुमाराला आम्ही एका टेपाडाखाली आलो. तिथं वाटेला दोन फाटे होते, एक देवराईकडं जाणारा आणि एक गुरांनी पाडलेला, कारवीत घुसणारा. तेवढ्यात ईशानच्या लक्षात आलं की त्याची टोपी मागं ओढ्यावर राहिली. तो रडवेला झाला. मी म्हटलं राहू दे, दुसरी घेऊ. पण अंगदराव म्हणाले, आलोच घेऊन, दहा मिन्टाचं काम हाय. गौरीला त्यांनी माझ्याजवळ आणून उभं केलं आणि त्यांच्या त्या प्रेस शॉपच्या आवाजात म्हणाले, “नितीनराव, गौरी घ्या.”

त्याच क्षणी माझ्या खिशातला फोन थरथरला. सकाळपासून मेलेला होता, तिथं टेपाडाखाली एक कांडी नेटवर्क आलं आणि धडाधड मेसेज पडायला लागले. मॅनेजर विचारत होता, कुठं आहेस, क्लायंट कॉलवर आहे, लगेच जॉइन हो. मी वर बघितलंच नाही. फोनकडं बघत म्हणालो, “घेतली.”

अंगदराव गेले. मी ईशानला म्हटलं, पळ, पुढं आई आहे तिला गाठ. आणि रेंज मिळावी म्हणून टेपाडावर चढलो. गौरी माझ्या बाजूला उभी होती हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. ती ईशानबरोबर गेली असं मला वाटलं, असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नव्हतं. तिचा विचारच केला नव्हता.

अंगदराव टोपी घेऊन परत आले. टेपाडावर माझ्यापाशी चढून आले. गौरी माझ्याजवळ नाही, पुढं बायकांजवळ नाही, ईशानजवळ नाही. ते सगळं कळायला पुढचा अर्धा तास गेला, आणि मग सगळ्यांचे आवाज बदलले. ज्योतीताई लेकीच्या नावानं हाका मारत ओढ्यापर्यंत पळत गेल्या आणि पळतच परत आल्या. सीमा वाडीवर माणसं आणायला गेली, ईशानला हाताशी घट्ट धरून. कारवी माणसाहून उंच झालेली, पाच पावलांवरचं दिसत नव्हतं. दरीची बाजू कुठून सुरू होते ते आमच्यातल्या एकालाही नीट ठाऊक नव्हतं. मी पण शोधत होतो. म्हणजे, हिंडत होतो. मनात एकच चाललेलं, की तिला काही झालं तर मला जगता येणार नाही. आणि त्याच्या खालोखाल, लाज वाटते लिहायला, की मी ‘घेतली’ म्हणालो होतो ते आणखी कुणी ऐकलंय का.

अडीच तासांनी अंगदरावांनाच ती सापडली. गुरांच्या फाट्यानं ती माझ्यामागं म्हणून निघाली होती, चुकलो हे कळल्यावर एका बोरीएवढ्या झुडपाखाली दगडावर बसली, आणि बसूनच राहिली. खिशातली चिक्की संपवली होती. रडून झालं होतं, पुन्हा रडायचं बाकी होतं. आमच्या हाका तिला ऐकू येत होत्या, पण दरीत आवाज घुमतो, तिला वाटलं आवाज दुसरीकडून येतोय, आणि जागा सोडायची नाही हे तिला पाठ होतं. ती उठली असती तर... पुढं वीस पावलांवर कडा होता. वाडीतल्या माणसांनी तो नंतर दाखवला. बापाला बघून ती म्हणाली, “पप्पा, रिलीव्हर आला?” हे अंगदरावांनी मला त्याच दिवशी खाली उतरताना सांगितलं.

ते तिला कडेवर घेऊन टेपाडाखाली आले. ज्योतीताईंनी पोरगी हिसकावून घेतली, छातीशी दाबली, आणि मग मान वर करून विचारलं, “ही कुणाकडं होती?”

मी तोंड उघडलं होतं. हे खरं आहे, मी उघडलं होतं. पण अंगदराव माझ्याआधी बोलले. “माझ्याकडं होती. नितीनरावांच्या ताब्यात द्यायचं इसरलो आन् टोपीमागं गेलो.” आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

देवराईतला मुक्काम रद्द झाला, आम्ही त्याच दुपारी खाली उतरलो. ज्योतीताई नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. वाडीत हातपाय धुताना मी अंगदरावांना गाठलं आणि म्हटलं की मी सांगतो ताईंना, हे बरोबर नाही. ते चूळ भरत होते. म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. शिफ्ट माझी होती. शिफ्टमधी काही बी झालं की नाव सुपरवायझरचंच पडतंय. आन् तुमचं नाव निघालं तर दोगी बहिणी तुटतील. माझ्यावर काय, चार दिवस रुसंल ती.”

चार दिवस. एवढाच त्यांचा अंदाज चुकला.

ज्योतीताई रुसल्या नाहीत, त्यांनी विश्वास काढून घेतला. त्या दिवसानंतर गौरीला त्यांनी अंगदरावांबरोबर एकटं कधी पाठवलं नाही. ना रानात, ना जत्रेत, ना मोटरसायकलवर चाकणच्या बाजारात. शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर सही ज्योतीताईंची. बाप शाळेत आणायला जाणार म्हटलं की त्या स्वतः चप्पल घालायच्या. रानातल्या ट्रिपा बंदच झाल्या. अंगदराव एक-दोनदा दोस्तांबरोबर गेले, मग तेही सोडलं. गुरुवारी घरी बसायचे. बसता यायचं नाही त्यांना, माणूस चालणारा. मग कधी पंखा उघड, कधी नळ, कधी शेजाऱ्याची मोटरसायकल. ज्योतीताई म्हणायच्या, एका जागी बसा की हो जरा. आता ते माझ्यावर आलंय.

आणि मग त्या गोष्टीचा विनोद झाला. आपल्याकडं होतोच. वर्ष-दोन वर्षांत भीती जिरली आणि मामा-मावश्यांना एक किस्सा मिळाला. अंगदराव पोरगी रानात विसरले आणि टोपी घेऊन आले! कुठल्याही लग्नात, बारशात कुणी तरी तो काढायचंच. पोरांना त्या दिवसाची रडारड तेवढी आठवत होती, बाकी मोठी माणसं सांगतील तेच खरं, आणि गौरीसुद्धा मोठी होता होता त्यात सामील झाली. बाप म्हणाला चल गाडीवर सोडतो, की ही म्हणायची, नको, परत विसराल. सगळे हसायचे, अंगदरावही हसायचे. आता ऐका. बार्शीला सीमाच्या चुलत बहिणीचं लग्न होतं, पंगतीत जागा धरून आम्ही दहा-बाराजण बसलो होतो आणि कुणी म्हणालं की तो किस्सा नीट सांगा ना एकदा, तुम्ही होता ना तिथं. आणि मी सांगितला. मी. रंगवून, हातवारे करून, अंगदरावांचा आवाज काढून. ते समोर वरणाची बादली घेऊन वाढत होते. माझ्या पानाशी आले, वाढलं, आणि मला म्हणाले, टोपीचा रंग सांगा की, निळी होती. मला त्या वेळी वाटलं, किती खेळकर माणूस. आज वाटतं, उठून त्यांचे पाय का धरले नाहीत मी.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी तीन आठवड्यांची. चाकणला माझं काही काम होतं, आंबेठाण चौकात ते दिसले, चहा घेतला. इकडचं तिकडचं झालं आणि मग नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विषय काढला. म्हणाले की गौरी आता अकरावीला आहे, बारावी झाली की कुठं तरी शिकायला जाईल, मग काय हाताला लागत नाही. एकदा तिला घेऊन वर जावं वाटतंय, देवराईत, तो मुक्काम राहिला होता. ज्योती न्हाईच म्हणती. मग चहाचा ग्लास फिरवत म्हणाले, “तुमी एकदा बोलता का तिच्याशी? तुमचं ऐकती ती.”

एवढंच. सांगा म्हणाले नाहीत, नुसतं बोला म्हणाले. पण मला कळलं होतं ते काय मागतायत. त्यांना दुसरं काही नको होतं, लेकीबरोबर दोन दिवस चालायचं होतं, आणि त्याची किल्ली माझ्या तोंडात होती. आणि मी काय म्हणालो? “बघू.” नऊ वर्षांनी तरी माणसानं काही म्हणावं. मी म्हणालो, बघू, तिमाही संपू दे माझी. ते हो हो म्हणाले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या शिफ्टला गेले. तिमाही अजून संपलेली नाही.

दहाव्याला, तेराव्याला मी कुरुळीला गेलो आणि दोन्ही वेळा मूग गिळून परत आलो. तेराव्याला जेवणं उरकल्यावर तोच किस्सा परत निघाला, या वेळी डोळे पुसत, की बिचारे किती भोळे होते, पोरगी विसरून टोपी आणली होती. गौरी हसली आणि मग तोंड फिरवून रडायला लागली. म्हणाली, मी किती छळलं त्यांना त्यावरून. मी उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. तिथं कंपनीतली माणसं बसली होती. त्यांच्या लाइनवरचा एकजण मला म्हणाला, भावा, आमच्या सायबाच्या शिफ्टमधी कुणाची चूक झाली तरी रिपोर्टला सायबाचंच नाव, आमाला कधी वरपर्यंत जाऊ दिलं न्हाई. तो कौतुकानं सांगत होता. मला तिथं उभं राहवेना.

शेवटी मागच्या आठवड्यात आधी सीमाला सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता ताईकडं चल. गेलो. दुपारची वेळ होती, ज्योतीताई शेंगा फोडत बसल्या होत्या, गौरी समोर पुस्तक घेऊन. मी उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर उठून पळालो असतो. गौरी माझ्याकडं होती. मी घेतली म्हणालो होतो. अंगदराव काही विसरले नव्हते.

ज्योतीताईंचे हात थांबले. त्या रागावतील, ओरडतील अशी तयारी करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, “नऊ वर्षं मी त्यांच्या हातात माझी पोरगी दिली नाही, नितीनराव. आता मी कुणाला जाऊन सांगू, चुकले म्हणून?” आणि शेंगांचं सूप बाजूला सारून आत गेल्या.

गौरी मात्र बसून राहिली. सोळा वर्षांची मुलगी, बापासारखी रुंद कपाळाची. तिनं मला वकिलासारखे प्रश्न विचारले. पप्पा तेव्हा नक्की काय म्हणाले? तुम्ही काय म्हणालात? ते परत आल्यावर काय झालं? मी म्हटलं, ते वर आले, तुला विचारलं. मग? मग आम्ही शोधायला लागलो. तिनं विचारलं, “लगेच?”

इथं मला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. आणखी एक, छोटं. पण नाही बोललो. तिला सांगितलं ते इथंही सांगतो, कारण हे मी सीमालाही सांगितलं नव्हतं. अंगदराव टेपाडावर आले, टोपी हातात, दम लागलेला, आणि म्हणाले, गौरी कुठंय? माझा कॉल चालू होता. मी त्यांना एक बोट वर करून दाखवलं. एक मिनिट थांबा म्हणून. आणि तो माणूस थांबला. माझं काही तरी महत्त्वाचं चाललंय असं समजून, टोपी हातात धरून, माझं बोलणं संपेपर्यंत उभा राहिला. किती वेळ ते मला आठवत नाही. एक मिनिटाहून जास्त.

गौरी म्हणाली, “हे लिहा. मावशी म्हणत होती तुम्ही पप्पांवर पुरवणीत लिहिणार आहात. तर चांगलं चांगलं लिहू नका, हे लिहा. ज्यांनी ज्यांनी तो जोक ऐकलाय त्या सगळ्यांनी वाचलं पाहिजे.”

तर मामांनो, मावश्यांनो, बार्शीच्या पंगतीतल्या सगळ्यांनो, वाचा. अंगदराव पोरगी विसरले नव्हते. मी विसरलो होतो.

काल गुरुवार. ज्योतीताई आणि गौरी त्या वाडीला जायला निघाल्या. दोघीच. मी साधी, खरीखुरी रजा टाकली आणि त्यांना राजगुरुनगरच्या स्टँडपर्यंत गाडीनं सोडलं. गौरीनं माळ्यावरून अंगदरावांची सॅक काढली होती. रानात जाणं सुटल्यापासून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली, खाकी, एका बाजूला प्रेस शॉपच्या ऑइलचा डाग. तिनं ती पाठीवर घेतली तर पट्टे इतके लांब की सॅक पार कमरेखाली लोंबायला लागली. चढावर हे जड जाणार होतं. मी सवयीनं पुढं झालो, म्हटलं पट्टे ओढून घे, बकल इथं आहे. तिनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, “राहू दे. ते त्यांच्या मापाचे आहेत.”

बस लागली. मी म्हटलं, मी पण येतो वरपर्यंत, तो फाटा मला माहीत आहे, कडा कुठं आहे तेही माहीत आहे. ज्योतीताईंनी दुसरीकडं बघितलं. गौरी म्हणाली, “नको, काका. तुम्ही नको.” आवाज चढवला नाही, पण डोळ्यांत राग होता, सरळ आणि ढळढळीत. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, बस हलली. गौरीनं हात केला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. पण सव्वा महिन्यात पहिल्यांदा माझे पाय जागेवर होते. त्या घरातला हा राग नऊ वर्षं एका भल्या माणसानं माझ्या वाटचा खाल्ला होता. तो आता माझ्यापर्यंत पोचला होता.